बेचाळीस ठोके

नाडी मोजायला शिकण्याचा तो आमचा दुसरा किंवा तिसरा दिवस असेल. धुळ्याच्या दवाखान्यात आम्ही सहाजणी नर्सचं काम शिकायला आलो होतो आणि सहाजणींत मिळून सेकंदकाट्याचं घड्याळ एकच होतं. मोठ्या सिस्टर ते आपल्या छातीवरून काढून टेबलावर ठेवत आणि आम्हाला जोडीजोडीनं बसवत. एकीनं दुसरीच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं टेकवायची, अर्धं मिनिट ठोके मोजायचे, दुप्पट करायचे आणि पाटीवर लिहायचे.

माझी जोडीदारीण जळगावजवळच्या मेहरूण गावच्या एका पिंजाऱ्याची मुलगी होती. तिचे ठोके मी शहात्तर मोजले. मग तिनं माझा हात धरला आणि धरूनच बसली. बोटं थोडी सरकवली, पुन्हा टेकवली, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. शेवटी हळूच म्हणाली, "एकवीस."

"अर्ध्या मिनिटात एकवीस?" सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे बेचाळीस. झोप लागली होती का तुला?"

त्यांनी स्वतः माझं मनगट धरलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते मधूनमधून हलायचे, आणि दोन हलण्यांमध्ये इतका वेळ जायचा की मलाच अवघडल्यासारखं झालं. "त्रेचाळीस," त्या म्हणाल्या. माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, डोळ्याखालची कातडी ओढून लाली बघितली. "चक्कर येते?"

"नाही."

"सकाळी काय खाल्लंस?"

"दोन भाकरी. आणि ठेचा."

मुली हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. "उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरांपुढे चल," एवढंच म्हणाल्या.

मेहरूणची मुलगी वाटेत माझा दंड धरून चालत होती. "बाई, तू जिंदा तो है ना?" असं तिनं विचारलं तेव्हा मीही हसले. पण माझी नाडी कुणीतरी पहिल्यांदाच पाहत होतं, असं नव्हतं.

माझं लग्न पारोळ्यात झालं होतं. सासरी दीड वर्ष काढलं. दिवस राहिले नाहीत, म्हणून सासूबाई मला गावातल्या वैद्यांकडे घेऊन गेल्या. वैद्यांनी माझं मनगट बराच वेळ धरून ठेवलं, मग मला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं. आत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "हिच्या अंगात जीवच नाही. नाडी मेल्यासारखी चालते. वैद्यच म्हणाले." महिन्याभरात मला माहेरी पोचवलं आणि पुढच्या हंगामात नवऱ्याचं दुसरं लग्न लागलं. माहेरी, पाचोऱ्याच्या बाजूला आमच्या खेड्यात, मी दोन वर्षं शेतात राबले. मराठी सातवी झाले होते म्हणून भावानं धडपड करून मला धुळ्याला पाठवलं. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची ही गोष्ट.

म्हणून नाडी मोजल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहिले ती घरी जायची तयारी मनाशी करूनच. डॉक्टर वयस्क होते, कडक, पण मनानं वाईट नव्हते. त्यांनी नळी लावून छाती ऐकली आणि सिस्टरांकडे बघून म्हणाले, "आवाज स्वच्छ आहेत. पण चाळीसच्या आसपास ठोके. वॉर्डात रोगी उचलायचे, जिने चढायचे, रात्रपाळी करायची. उद्या ही कोसळली तर घरच्यांना काय सांगायचं? परत पाठवा."

खोलीत आणखी एकजण होत्या. बायकांच्या वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई. तिशीच्या असतील, बारीक चणीच्या, चष्मा सारखा नाकावरून घसरणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सर, मला आठ दिवस द्या. हिची नाडी सावकाश आहे हे कळलं. का सावकाश आहे ते अजून कळलं नाही."

मोठे डॉक्टर म्हणाले, "आठच."

मला डॉक्टरीणबाईंच्या त्या वाक्याचं फार नवल वाटलं. माझी नाडी मंद आहे हे ऐकून सासरच्यांनी तोंड फिरवलं होतं. या बाईंना मात्र त्यात कोडं दिसत होतं, आणि ते कोडं सोडवायची त्यांना उघड उघड घाई झाली होती.

त्याच दुपारी त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. चालताना धाप लागते का? पाय सुजतात का? कधी मोठा ताप आला होता का, सांधे सुजून? कुणी काही काढा, मुळी देतं का? घरात आणखी कुणाचं असं आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, कारण आमच्या घरात कुणी कुणाची नाडी मोजलीच नव्हती. "आणि माहेरी काम काय करायचीस?" मी सांगितलं. विहिरीवरून पाणी, कापसाची वेचणी, डोक्यावर ओझं घेऊन कोसभर शेतातून घर. वडील टपालाचे हरकारे होते. खांद्यावर टपालाची थैली घेऊन पंचवीस वर्षं ते गावोगाव पळत गेले. लहानपणी मी त्यांच्याबरोबर वेशीपर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग पुढच्या गावापर्यंत पळत जायची. ते हाकलत, मी ऐकायची नाही.

"पळत?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "चल."

दवाखान्याच्या मागे गच्चीवर जायचा दगडी जिना होता. तो दहा वेळा चढायचा-उतरायचा, असं त्यांनी मला आणि मेहरूणच्या मुलीला सांगितलं. दहाव्या खेपेला ती बिचारी पायरीवर बसली आणि पदरानं वारा घेऊ लागली. तिचे ठोके एकशे अडतीस. माझे त्र्याण्णव. डॉक्टरीणबाई माझा हात सोडीनात. तीन मिनिटांनी माझे परत शेहेचाळीस झाले, तिचे अजून एकशे दहावर होते.

"बघ," त्या म्हणाल्या. "गरज पडली की तुझं हृदय पळतं. गरज संपली की सावकाश चालतं. तुमच्याकडे मोट आहे ना? मोट मोठी असेल तर बैलांच्या खेपा कमी लागतात, पाणी तेवढंच येतं. तुझ्या हृदयाची मोट मोठी असावी."

"असावी म्हणजे?"

"म्हणजे मला तसं वाटतं. हृदयाच्या ठोक्यांचं चित्र कागदावर काढणारं यंत्र मुंबईला आहे, इथं नाही. तोवर जेवढं बोटांनी आणि कानांनी कळेल तेवढं."

त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली की सकाळची घंटासुद्धा ऐकू आली नाही.

चौथ्या दिवशी बायकांच्या वॉर्डात एक म्हातारी आली. पारोळ्याजवळच्या खेड्यातली, साठीची, काटक. तिला सगळे अक्का म्हणत. ती उभ्याउभ्या पडायची. एकदा गोठ्यात, एकदा नदीवर, आणि आता चुलीपुढे भाकरी थापताना. तेव्हा डावा हात भाजला होता. गावात कुणी फेफरं म्हणे, कुणी बाहेरचं म्हणे. सून तिला सर्व्हिस मोटारीनं धुळ्याला घेऊन आली होती.

तिच्या हाताची पट्टी बदलताना मी दुसऱ्या हाताची नाडी धरली. चौतीस. पुन्हा मोजली. चौतीसच.

खरं तेच सांगते: मला आनंद झाला. जगात माझ्यासारखं आणखी कुणीतरी होतं.

"अक्का, तुमची नाडी सावकाश चालते. माझीही तशीच आहे," मी म्हणाले.

"तुनी बी?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे आपुन दोन्ही सारख्या शेतस."

"हो. काही काळजी करू नका. तुमच्या हृदयाची मोट मोठी आहे, एवढंच." मी आठवड्याभरापूर्वी नाडी मोजायला शिकलेली, आणि तिला हे सांगून मोकळी झाले.

"मंग मी घर जास," अक्का म्हणाली. "घरना बठ्ठा काम पडेल शे."

"पण तुम्ही पडता कशा?"

"मी पडत नही वं पोरी. जमीनच वर येस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाठोडं बांधून खाटेवर बसली होती. सूनही निघायच्या तयारीत. मी सहज म्हणून तिचं मनगट धरलं. ठोका आला, आणखी एक आला, आणि मग आलाच नाही. मला वाटलं माझी बोटं सरकली. दाबून पाहिलं. काही नाही. सिस्टरांचं घड्याळ त्या दिवशी माझ्याकडे होतं, त्याचा काटा टिकटिकत पुढं चालला होता आणि माझ्या बोटांखाली निव्वळ शांतता. अक्काची मान मागे गेली. चेहरा राखेसारखा झाला, डोळे पांढरे, बोटं दोन-तीनदा आखडली. मी ओरडले. सूनही ओरडली. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीतून धावत आल्या, आणि त्या खाटेपाशी पोचतात तोच माझ्या बोटांना एक जोरदार धक्का बसला. मग दुसरा. अक्काचा चेहरा एकदम लालबुंद झाला. तिनं डोळे उघडले.

"काय झायं?" तिनं विचारलं.

"किती वेळ?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

मला आकडा सांगता आला, याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. "तेरा सेकंद."

मग मी रडत रडत त्यांच्यामागोमाग बाहेर आले आणि त्यांना सगळं सांगितलं. मी अक्काला काय म्हणाले होते, ती माझ्या बोलण्यावर घरी निघाली होती. वाटेत मोटारीत, नाहीतर घरी चुलीपुढे, हे झालं असतं तर? मला वाटलं त्या मला तिथंच घालवून देतील. त्या म्हणाल्या, "चूक मोठी आहे. रडून झालं की आत ये, तुला दोघींतला फरक दाखवते. नाहीतर तू पुन्हा हीच चूक करशील."

आधी त्यांनी अक्काला खाटेवर उशांना टेकून बसवलं आणि खिडकीचा उजेड तिच्या मानेवर पडेल असं केलं. मला म्हणाल्या, "मानेची शीर बघ. तिथं बारीक फडफड दिसते ना? तू ती मोज. मी मनगट मोजते."

उजेडात बघता बघता ती फडफड मला खरंच दिसू लागली. पाण्यावर किडा हलावा इतकी हलकी. मिनिट संपलं. मी सांगितलं, "बहात्तर."

"मनगटाला चौतीस," त्या म्हणाल्या.

एकाच बाईच्या अंगात दोन वेगळे वेग. मला ते पटेचना. आम्ही जागा बदलून मोजलं. तेच आलं.

डॉक्टरीणबाईंनी पाटीवर हृदय काढून दाखवलं. वरचे कप्पे, खालचे कप्पे. वरच्यांनी ठोका दिला की तो निरोप एका वाटेनं खाली जातो आणि खालचे ठोका देतात. अक्काची ती वाट बंद पडली होती. वरचे आपल्या गतीनं चालले होते, त्यांचा निरोप खाली पोचत नव्हता, आणि खालचे आपल्या मनानं कसेबसे चालत होते. तेही कधीकधी थांबायचे. तेव्हा जमीन वर यायची.

"आणि माझं?"

"तुझ्या मानेची शीर मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. मान आणि मनगट बरोबरीनं चालतात."

त्यांना आणखी खात्री करून घ्यायची होती. ॲट्रोपीन नावाचं औषध असतं, हृदयाला आवरून धरणारी दोरी ते सैल करतं. अक्काला त्यांनी ते टोचलं. अर्धा तास आम्ही बसून होतो. चौतीस, पस्तीस, चौतीस. मग त्या म्हणाल्या, "तुला टोचलं तर? नको म्हणालीस तरी चालेल." मी लगेच बाही वर केली. माझं तोंड लाकडासारखं कोरडं पडलं, भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरं पुसट झाली, आणि नाडी एकशे आठवर गेली. जन्मात पहिल्यांदा माझं हृदय बसल्या जागी धडधडत होतं. बाकीच्या लोकांना काय वाटत असेल ते त्या दुपारी मला थोडं कळलं. फार धांदल वाटली.

अक्का हे सगळं खाटेवरून पाहत होती. तिनं विचारलं, "तुनी पळनी, मनी नही. असंच ना?"

"असंच, अक्का."

"मंग आपुन सारख्या नहीत," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून भाजला नव्हता तो हात फिरवला. मला वाटतं, त्या क्षणी माझीच समजूत काढायची गरज होती आणि ते तिनं ओळखलं.

आठव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी स्वतः मला जिना चढवला. स्वतः मोजलं. जाताना सिस्टरांना म्हणाले, "हिला ठेवा. पण नाडी मोजायला हिला पुन्हा शिकवा. ही स्वतःचीच मोजणी सगळ्यांना लावते." मग मला कळलं, डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं.

अक्काला गोळ्या दिल्या, त्यांनी झटके थोडे कमी झाले, पण बंद वाट उघडणारं औषध तेव्हा कुणाकडेच नव्हतं. दोन आठवड्यांनी तिला घरी सोडायचं ठरलं आणि मला सोबत धाडलं, घरच्यांना नीट समजावून सांगायला. मी तिच्या मुलाला आणि सुनेला सांगितलं: हिला चुलीपाशी एकटं बसवायचं नाही, विहिरीवर आणि नदीवर पाठवायचं नाही, पडली तर नाकाला कांदा-चप्पल लावायची नाही, तोंडात काही खुपसायचं नाही, आडवी करून वाट बघायची. मुलगा म्हणाला, "म्हणजे बाहेरचं नाही ना?" मी म्हणाले, "नाही, आतलं आहे." तो बराच वेळ मान हलवत राहिला.

परतताना पारोळ्याला मोटारीला दोन तास अवकाश होता. पाय आपसूक वैद्यांच्या घराकडे वळले. भांडायला गेले नव्हते. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं की त्यांच्या बोटांना तेव्हा काय लागलं होतं.

वैद्य ओट्यावर सुपात काहीतरी निवडत बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी हात पुढं केला. त्यांनी डोळे मिटून मनगट धरलं आणि थोड्या वेळानं डोळे उघडले. "तू ना? या हाताची नाडी मी आधी पाहिली आहे."

"तेव्हा काय सांगितलं होतं तुम्ही?"

"मंद आहे म्हणालो. मंद आणि भरलेली. अशी नाडी मी पैलवानांची पाहिली आहे. बाईची पहिल्यांदाच पाहिली, म्हणून बराच वेळ धरून बसलो होतो."

"अंगात जीव नाही, असं म्हणालात?"

"कोण म्हणतं?" ते सूप बाजूला ठेवून म्हणाले. "मी तुझ्या सासूला म्हणालो, मुलालाही दाखवायला आणा. त्याला कुणी आणलं नाही."

मी उठून नमस्कार केला. त्यांनी विचारलं, "धुळ्याला घड्याळानं मोजतात म्हणे?" मी हो म्हणाले. मग त्यांनी आपला हात पुढं केला आणि पोरासारखं विचारलं, "माझी किती?" माझ्याकडे घड्याळ नव्हतं. त्याची दोघांनाही फार रुखरुख लागली.

दिवाळीला मी सिस्टरांकडून घड्याळ मागून घेऊन घरी गेले आणि सगळ्यांना ओळीनं बसवलं. आई चौऱ्याहत्तर. भाऊ अडुसष्ट. वहिनी ऐंशी. वडील मात्र हात द्यायला तयार होईनात. "हातमा काय दखस? टपाल तर गयी," ते म्हणाले. त्यांना नोकरी सोडून तेव्हा चार वर्षं झाली होती. शेवटी दिला. अठ्ठेचाळीस.

मी डॉक्टरीणबाईंना हे पत्रानं कळवलं. त्यांनी उलट टपाली विचारलं, "जन्मानं म्हणावं की पळण्यानं? भाऊ का पळाला नाही?" भाऊ लहानपणी पायानं अधू होता, म्हणून पळाला नव्हता. त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला मिळालं नाही, आणि अजूनही मला ते येत नाही. पुढं त्यांची बदली झाली. मी जळगावला आले, आणि स्वराज्य मिळेतो तिथल्या बायकांच्या वॉर्डातच होते.

अक्का आणखी दोन वर्षं जगली. मी अजून धुळ्याला असतानाच एका दुपारी तिची सून मला शोधत दवाखान्यात आली, फडक्यात शेंगा बांधून घेऊन. सून म्हणाली, अक्का अंगणात खाटेवर शेंगा फोडत बसली होती, तशीच आडवी झाली. दोन वर्षांत एकदाही भाजली नाही, पाण्यात पडली नाही. आम्ही दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून रडलो. मग तिनं डोळे पुसले आणि बांगड्या मागे सारून हात माझ्यापुढं धरला.

"मनी बी दख ना, ताई."

मोजली. शहाण्णव. मोटारीतून उतरून ती उन्हात चालत आली होती. मी तिला पाणी दिलं, गप्पा मारत सावलीत बसवलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा मोजायला घेतली.